मुलुंडला नेलेलं विमान

चारकोप

मुलुंडला जाऊन आले. सोसायटीतल्या बायकांना जाण्याआधी सांगितलं, तर दोघींनी विचारलं, "राहायला?" आमच्या वेस्टचं माणूस ईस्टला, म्हणजे मुंबईच्या त्या टोकाला, जातं ते लग्नाला नाहीतर मयताला, आणि दोन्ही वेळा अंधार पडायच्या आत परत फिरतं. काश्मीर, केरळ, दुबई बघितलेली माणसं आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर आहेत, पण मुलुंड बघितलेलं एक नाही. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सोबत नवरा होता आणि विमान होतं. नवऱ्याला मी परब म्हणते. मी तीस वर्षं कॉलेजात बारावीला गणित शिकवलं, स्टाफरूममध्ये सगळ्यांना आडनावाने हाक मारायची सवय, ती घरातही आली. तोंडावर मात्र अहो. परब चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात फिटर होते. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत. कामावर होते तेव्हापासून फावल्या वेळात हलक्या लाकडाची विमानं करतात. पंख माझ्या हाताएवढा लांब, वर कांद्याच्या सालीसारखा पातळ कागद, नाकाशी बोटाच्या पेराएवढी मोटर. हातावर ठेवलं तर काही ठेवलंय असं वाटत नाही.

मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर जानेवारीत अशा विमानांची स्पर्धा असते. हॉलच्या मधोमध एक खांब. विमान दोऱ्याने खांबाला बांधायचं आणि त्याभोवती गोल उडवायचं. सगळ्यांना सारख्याच छोट्या बॅटऱ्या, सारख्याच भरलेल्या. हेच पेट्रोल. तेवढ्यात ज्याच्या फेऱ्या जास्त, तो पहिला.

म्हणजे प्रश्न एकच, विमान किती वेगाने उडवलं की पेट्रोल पुरवून पुरवून वापरलं जाईल. फार जोरात नेलं तर हवा कापण्यातच सगळं संपतं. फार हळू नेलं तर तरंगत राहायलाच जास्त ताकद लागते, नाक वर करून धडपडत जावं लागतं. मधे कुठेतरी एक बरोबर वेग असतो. मोठ्या विमानांनाही हेच लागू आहे, फक्त त्यांची बॅटरी मोठी.

परब तो वेग आधी अंदाजाने ठरवायचे. हाताला बरं वाटलं की तो वेग. चार वर्षांपूर्वी अशाच अंदाजाने त्यांच्या एक्कावन्न फेऱ्या झाल्या होत्या. मग मी रिटायर झाले. रिकाम्या गणिताच्या बाईसमोर कोणी अंदाजाने काही करू नये. मी सोसायटीचा हॉल मागून घेतला, परबांना वेगवेगळ्या वेगांनी विमान उडवायला लावलं, स्वतः स्टॉपवॉच धरलं, वही भरली आणि आकडा काढला. एका फेरीला चार सेकंद. त्यापेक्षा जोरात नाही, हळू नाही.

पहिल्या वर्षी माझ्या आकड्यावर सत्तेचाळीस फेऱ्या झाल्या. गेल्या वर्षी पंचेचाळीस. विमान हवेत मात्र सगळ्यांपेक्षा जास्त वेळ राहायचं, लोक टाळ्या वाजवायचे, त्यामुळे गणितावर संशय घ्यायचं मला काही कारण दिसलं नाही. गेल्या वर्षी परत येताना मीच म्हणाले होते, "यंदा पंख जरा जड झाला का हो?" परब काही बोलले नाहीत.

या वर्षी विमान पुरं झालं त्या दिवशी बोलले. कात्री, चाकू, पक्कड पुसून डब्यात ठेवता ठेवता म्हणाले, "या वर्षी पन्नास झाल्या नाहीत तर हे सगळं शाळेला देऊन टाकणार. माझो हात ऱ्हवलो नाय गो."

हात पहिल्यासारखा राहिला नाही म्हणे. मी हसण्यावारी नेलं. पण रिटायर झाल्यावर नुसते खिडकीशी बसून राहिलेले पुरुष मी आमच्या बिल्डिंगमध्ये पुष्कळ बघितलेत. परबांना सकाळी उठून टेबलाशी जायला जे एक कारण होतं, ते या डब्यात होतं. म्हणून मी हॉलभाड्याची पावती द्यावी तशी खात्री दिली, "पन्नास होतील. आकडा माझा आहे."

अंधेरी

खोका घेऊन गर्दीत शिरायला परब तयार नव्हते. कोणाचा कोपर लागला तर वर्षाचं काम गेलं. म्हणून शनिवारी भर दुपारी रिकाम्या मेट्रोने डहाणूकरवाडीहून अंधेरी, तिथून दुसऱ्या मेट्रोने घाटकोपर, घाटकोपरला माझ्या धाकट्या बहिणीकडे, सुमनकडे मुक्काम, आणि रविवारी सकाळी मुलुंड, असा बेत केला. डब्यात घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ घेतली होती. घाटकोपरला जेवायला मिळत नाही असं नाही, पण प्रवास म्हटला की डबा लागतो.

पहिली अडचण डहाणूकरवाडीच्या स्टेशनातच आली. सामान तपासायच्या यंत्रातून खोका गेला आणि यंत्राशी बसलेल्या सिक्युरिटीच्या मुलीने तो थांबवला. पडद्यावर माशाच्या काट्यांसारखं काहीतरी दिसत होतं, आणि एका टोकाला मोटर.

"आतमध्ये काय आहे, काका?"

"विमान," परब म्हणाले.

तिने पडदा पुन्हा बघितला. "उघडा."

"पंखा बंद करा आधी," परब म्हणाले. डोक्यावर मोठा पंखा होता, आणि उघडल्याबरोबर पंख उडून जिन्याखाली गेला असता. आता स्टेशनातला पंखा एका म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून कोण बंद करतंय. शेवटी ती मुलगी स्वतः उठली, आम्हाला भिंतीच्या आडोशाला नेलं, आणि मी माझ्या पदराचा पडदा धरला, तेव्हा परबांनी झाकण चार बोटं उघडलं. तिने आत डोकावून बघितलं.

"हे खरंच उडतं?"

"मुलुंडला उडतं," परब म्हणाले.

"मी भांडुपची," ती म्हणाली. "आमच्या इथे असलं काय होतं ते मला माहीत नाही." तिने झाकण स्वतःच्या हाताने, अगदी हलकेच बंद केलं.

अंधेरीला गाडी बदलायला पुलावरून चालावं लागतं. तिथे एक गंमत बघितली. आमच्या बाजूच्या मेट्रोतली माणसं खिडकीबाहेर बघत बसतात, आणि घाटकोपरच्या मेट्रोत कोणी बघत नाही, सगळे दाराकडे तोंड करून उभे असतात. साकीनाका गेलं, असल्फाच्या टेकडीवरची रंगवलेली घरं गेली, तरी एक मान वळली नाही. परब मात्र सगळा वेळ खोक्याच्या कडेवर हात ठेवून बसले होते. तो हात मी बघत होते. मला तर तो पहिल्यासारखाच दिसत होता.

घाटकोपर

घाटकोपरची माणसं वाक्य मधेच थांबवतात. हे मला आधी माहीत नव्हतं, कारण मी नेहमी कार्यालाच यायची आणि कार्यात कोणाचंच वाक्य पुरं होत नाही. सुमनच्या घरावरून विमानं उतरायला खाली येतात, इतकी खाली की चाकं मोजता येतात. "ताई, तू चहा," सुमन म्हणते, थांबते, वरून विमान जातं, फडताळातले ग्लास किणकिणतात, "घेणार की कॉफी?" तिच्या घरात सगळ्यांना ही सवय आहे. आम्ही दोघं मात्र विमानाच्या आवाजावर ओरडून बोलत होतो, आणि ते लोक आमच्याकडे खेडवळांकडे बघावं तसे बघत होते.

संध्याकाळी गच्चीवर बसलो. संक्रांत जवळ आली होती, सुमन ताटात तिळाच्या वड्या मांडत होती. परब कठड्याशी उभे राहून उतरणारी विमानं बघत होते.

"एवढ्या मोठ्या विमानाला पण तुझं गणित लागतं?" सुमनने विचारलं. ती बँकेत होती, तिला आकड्यांचं भय नाही.

"त्याला तर जास्त लागतं," मी म्हणाले. आणि मला शिकवायला कोणी विचारलं की मी थांबत नाही. "हे बघ. विमानाला दोन खर्च. एक हवा कापायचा, तो वेगाबरोबर वाढतो. दुसरा वजन तोलून धरायचा, तो वेग वाढला की कमी होतो. एक जितक्या पटीने वाढतो तितक्याच पटीने दुसरा घटतो. म्हणजे दोघांचा गुणाकार कायम तोच राहतो. आता तुझ्या छत्तीस वड्या घे."

मी ताट पुढे ओढलं. "छत्तीसची एकच रांग लावली तर लांबी छत्तीस, रुंदी एक. बेरीज सदतीस. बारा आणि तीन, पंधरा. नऊ आणि चार, तेरा. सहा आणि सहा?"

"बारा."

"सगळ्यात कमी. गुणाकार ठरलेला असेल तर दोन्ही बाजू सारख्या झाल्या की बेरीज सगळ्यात कमी. विमानाचंही तसंच. ज्या वेगाला दोन्ही खर्च सारखे, त्या वेगाला एकूण ओढ सगळ्यात कमी, आणि तेवढ्याच पेट्रोलात विमान सगळ्यात लांब जातं. पायलट त्याहून थोडं जोरात नेतात, कारण लोकांना घरी जायचं असतं, ते वेगळं."

सुमनने सहा बाय सहाच्या वड्या तशाच राहू दिल्या. "छान आहे," ती म्हणाली. मग, एक विमान जाऊ दिल्यावर, "मग भाऊजींच्या विमानाचे दोन्ही खर्च सारखे आले ना?"

मी पिशवीतून वही काढली. दोन वर्षांपूर्वीचं पान. तिथे दोन खर्च लिहिले होते, आणि एक दुसऱ्याच्या तिप्पट होता.

"हे सारखे नाहीत," सुमन म्हणाली.

"ते वेगाने गुणलेत ना," मी म्हणाले. "प्रत्येक सेकंदाला किती खर्च, असं काढलंय. गुणल्यावर तिप्पटच येतं. मी ताडून बघितलंय."

आणि खरोखरच बघितलं होतं. पायरी न् पायरी बरोबर होती. बारावीच्या पेपरात दहापैकी दहा मिळाले असते. सुमन म्हणाली, "तू म्हणतेस तर असेल," आणि वड्या डब्यात भरायला लागली. मी वही मिटली. पण ते तिप्पट मला कुठेतरी टोचत राहिलं. चपलेत खडा गेला आणि चारचौघांत चप्पल काढता येत नाही, तसं.

एल. बी. एस. रोड

रविवारी सकाळी रिक्षा केली. आमच्याकडे रिक्षावाला आधी कुठे जायचं ते विचारतो आणि मग मान हलवतो. घाटकोपरच्या रिक्षावाल्याने आधी आम्हाला बसू दिलं. परबांनी खोका मांडीवर आडवा धरला, त्याचं एक टोक माझ्या हनुवटीखाली आलं. रस्ता विक्रोळी, कांजूर, भांडुप असा सरळ जातो. डाव्या हाताला डोंगर दिसायला लागला. मी परबांना म्हणाले, "हा कुठला डोंगर?" ते म्हणाले, "आपलाच." मला पटायला वेळ लागला. बोरीवलीला ज्या डोंगरामागून सकाळी ऊन येतं, तोच हा, नॅशनल पार्कचा, मागच्या बाजूने बघितलेला. इथल्या लोकांचा सूर्य त्याच्यामागे मावळतो. साठ वर्षं या मुंबईत काढली आणि हे कधी सुचलं नव्हतं.

भांडुपच्या सिग्नलला रिक्षा थांबली. पुढे काम चाललं होतं, सिग्नल दोनदा सुटला तरी आम्ही तिथेच. रिक्षावाला पन्नाशीचा, जालन्याकडचा, बोलका माणूस. खोक्यात विमान आहे आणि थोड्या बॅटरीत ते लांब न्यायचंय, हे परबांनी त्याला सांगून झालं होतं.

"तुम्ही किती स्पीडला चालवता?" मी विचारलं. "ॲव्हरेज चांगला पडायला?"

"चाळीसच्या आसपास, ताई. त्याच्यावर गेली की गॅस पिते."

"आणि हळू चालवली तर?"

"तरी वाट लागते. नवीन पोरांना वाटतं, हळू चालवली की गॅस वाचतो." त्याने मागे वळून बघितलं. "आता बघा ना, गाडी उभी आहे. इंजिन चालू. तासाला बघायला गेलं तर यापेक्षा कमी गॅस कधीच जाणार नाही. पण ॲव्हरेज किती? झीरो. जागेवरच आहे ना आपण."

तो हसला आणि पुढे बघायला लागला. परबही हसले. मी हसले नाही.

मला तिथेच, खोक्याच्या टोकामागे बसल्याबसल्या, सगळं लख्ख दिसलं. मी प्रत्येक सेकंदाला सगळ्यात कमी खर्च कुठल्या वेगाला होतो ते काढलं होतं. त्या वेगाने विमान हवेत सगळ्यात जास्त वेळ राहतं. राहिलंच होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण मुलुंडला वेळ मोजत नाहीत, फेऱ्या मोजतात. मला प्रत्येक फेरीला किती खर्च ते काढायला हवं होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये मी हातात स्टॉपवॉच धरलं होतं, म्हणून सेकंद लिहिले. फेऱ्या कोणी मोजल्याच नाहीत.

मनातल्या मनात हिशेब मांडला. दोन्ही खर्च सारखे व्हायला वेग जवळजवळ एकतृतीयांशाने वाढवायला हवा. म्हणजे फेरी चार सेकंदांत नाही, तीन सेकंदांत.

आता मी काय करायला हवं होतं ते कोणीही सांगेल. शेजारी नवरा बसला होता, तोंड उघडायचं. मी उघडलं नाही. मी स्वतःला सांगितलं की रिक्षात तोंडी काढलेल्या गणितावर भरवसा ठेवू नये, तिथे पोचल्यावर कागदावर करून बघू. पोचल्यावर नाव नोंदवायचं होतं, बॅटरी घ्यायची होती, थेपले खायचे होते. खरं कारण एवढंच की तीस वर्षं मी वर्गात कधी चुकले नव्हते, आणि चुकले असले तर मुलांना कळू दिलं नव्हतं.

मुलुंड

मुलुंड स्वच्छ आहे, झाडं आहेत, आणि लोक सावकाश बोलतात. स्पर्धा म्हटलं की आमच्याकडे वडापाव असतो. इथे थेपले, कैरीचा गोड छुंदा आणि मसाल्याचं दूध. फेऱ्या मोजायला हीनाबेन नावाच्या बाई खुर्चीवर बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्या मोठ्याने, गुजरातीत मोजतात, आणि सगळा हॉल मनात त्यांच्याबरोबर मोजत असतो. प्रत्येकाला दोनदा उडवायला मिळतं. जे जास्त असेल ते धरतात.

परबांचा नंबर सातवा होता. त्यांनी विमान दोऱ्याला लावलं, मोटर चालू केली, हातातून सोडलं. ते उठलं आणि फिरायला लागलं. चार सेकंदांची फेरी, माझ्या आकड्याबरहुकूम, एक सेकंद इकडचा तिकडे नाही. नाक किंचित वर, शेपूट खाली. इतकं सावकाश आणि शांत की बघणाऱ्याला बरं वाटावं. आधीची विमानं कधीच उतरली असती अशा वेळी ते अजून वर होतं. मागे कोणीतरी म्हणालं, "क्या बात है."

"पिस्तालीस," हीनाबेन म्हणाल्या. "छेतालीस."

विमान खाली टेकलं. सेहेचाळीस. तीन मिनिटांवर वेळ झाला होता, सकाळपासूनचा सगळ्यात जास्त. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परबांनी दोऱ्यातून विमान सोडवलं, माझ्याकडे न बघता खोक्याशी आले, पंख आत ठेवला आणि झाकण हातात घेतलं.

"अजून एकदा उडवायचंय की," मी म्हणाले.

"नको. सांग त्यांना, आमचं झालं." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"अहो, थांबा. आकडा चुकलाय."

"कुठला आकडा?"

"माझा. चार सेकंद चुकीचे आहेत. तीन हवेत."

परबांनी झाकण खाली ठेवलं. "आज चुकला?"

हो म्हणणं फार सोपं होतं. हॉल मोठा आहे, हवा वेगळी आहे, थंडी आहे, काहीही सांगता आलं असतं. विमान जोरात उडालं असतं, फेऱ्या झाल्या असत्या, आणि माझं नाव शाबूत राहिलं असतं. पण मग गेली दोन वर्षं त्यांच्या हाताच्या नावावर तशीच राहिली असती.

"आज नाही," मी म्हणाले. "पहिल्यापासून. गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी, सगळ्या वेळी. मी खर्च सेकंदांनी भागला. फेऱ्यांनी भागायला हवा होता. विमान नुसतं टिकत होतं, जात नव्हतं. सकाळी रिक्षात कळलं मला. आणि तरी मी बोलले नाही."

 परबांनी खोक्यातल्या पंखावरून बोट फिरवलं.

"म्हणजे पंख जड नव्हतो?"

"नव्हता. तुमचं काम बरोबर होतं."

"माका वाटायचा," ते हळूच म्हणाले, "सोडताना वाटायचा, की ह्याका जरा ढकलूक व्हया. हात सांगायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू गणिताची बाई."

 परबांनी घड्याळ बघितलं. दुसऱ्या उडवण्याला दहा मिनिटं होती, आणि मधे उडवून बघायला परवानगी नसते. जे काय करायचं ते एकदाच, हाताच्या अंदाजाने. वेग वाढवायचा तर शेपटीची मागची कड खाली वाकवावी लागते, म्हणजे नाक खाली येतं. पण किती? किंचित जास्त झाली तर विमान सरळ जमिनीत. मोटरलाही थोडी जास्त ताकद द्यायची, एक बारीक स्क्रू फिरवून.

"वहीचं पान दे," ते म्हणाले.

मी पान फाडून दिलं. त्यांनी त्याची एकदा घडी घातली, शेपटीखाली धरली, आणि अंगठ्याच्या उबेने ती कड हळूहळू त्या घडीच्या जाडीइतकी वाकवली. मी त्यांचा अंगठा बघत होते. तो हलत नव्हता. मग स्क्रू, पाव फेरा, आणि त्यातून केसभर मागे. का मागे, ते मी विचारलं नाही.

विमान सुटलं तेव्हा आधी खाली गेलं. हॉलमधल्या दोघांतिघांनी पाय आखडून घेतले. जमिनीपासून वीतभर अंतरावर ते सावरलं, वर आलं आणि फिरायला लागलं. नाक सरळ. मी स्टॉपवॉच काढलंच नाही. एक, दोन, तीन असे मनात आकडे म्हटले, तर तीनला विमान पुन्हा माझ्यासमोर होतं.

या वेळी कोणी वा वगैरे म्हणालं नाही. विमान बघायला तितकं सुंदर नव्हतं, आपल्या कामाला निघालेल्या माणसासारखं जात होतं. चाळीस झाल्या. हीनाबेनचा आवाज तोच, एका सुरातला. सेहेचाळीस गेली. एकोणपन्नासला विमान थोडं खाली आलं आणि मी परबांचं मनगट धरलं.

"पचास," हीनाबेन म्हणाल्या. "एकावन. बावन."

त्रेपन्नाव्या फेरीला ते टेकलं. अडीच मिनिटांहून थोडा जास्त वेळ झाला होता, पहिल्यापेक्षा कमीच. टाळ्या नेहमीच्याच. आमचा नंबर चौथा आला. पहिल्या आलेल्या गृहस्थांच्या अठ्ठावन्न होत्या, ते ठाण्याचे, आणि त्यांच्याकडे गणित करणारं कोणी नाही असं त्यांनी मला स्वतःहून सांगितलं.

हीनाबेननी परबांना विचारलं, "पुढच्या वर्षी येणार ना?" परबांनी मान हलवली, पण ती हो होती की नुसती हलवली, ते मला कळलं नाही.

पवई

परतीला टॅक्सी केली, पवईवरून. परब पुढे ड्रायव्हरशेजारी बसले नाहीत, मागे माझ्याशेजारी बसले, एवढंच काय ते बरं. भांडुप गेलं, कांजूर गेलं, एक शब्द नाही. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. थेपले चांगले होते म्हटलं. हीनाबेन चांगल्या होत्या म्हटलं. त्यांनी दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं होतं की त्रेपन्न झाल्यावर ते हसतील, आणि सगळं मिटेल. ते रागावले होते. त्यांचा हक्क होता.

पवईचा तलाव दिसायला लागल्यावर बोलले.

"दोनदा डॉक्टरकडे जाऊन इलंय मी. तुका सांगूक नाय."

"कशाला?"

"हात दाखवूक." त्यांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला. "पयल्यांदा कांदिवलीच्या, मगे बोरीवलीच्या मोठ्या डॉक्टराकडे. दोघव म्हणाले, हाताक काय एक झाला नाय. मी म्हटलंय, ह्येंका काय कळता. आमच्या बायकोचो आकडो खोटो कसो आसात."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि रेडिओ बारीक केला. दोन वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून जेवत होता, माझ्या एका भागाकारापायी स्वतःला संपलेला समजत होता, आणि मी त्याला पंख जड झाला का विचारत होते. मी माफी मागितली. नीट, शब्दांत मागितली, लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच.

तलाव संपला, चढ लागला. मग त्यांनी तो उताणा हात उचलला आणि माझ्या हातावर ठेवला.

"फुडच्या वर्षी आकडो तूच काढ," ते म्हणाले. "पण कशान भागतंस, ता आधी सांग."

"फेऱ्यांनी," मी म्हणाले.